डिपस्टिकवरची ओल

हे मी माझ्या सुनेलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिला मी काय सांगत नाही? दुधावरची साय मांजरानं खाल्ली की मी, तेही सांगते. हे मात्र राहिलं. राहिलं कसलं, ठेवलं.

नाशिकबाहेर एका छोट्या विमानशाळेत मी कामाला होते. शेड झाडायची, काचा पुसायच्या, चहा करायचा. आणि एक काम फार मानाचं — शिडी धरायचं. उडण्याआधी शिकणारं पोर शिडीवर चढतं, पंखातल्या टाकीचं झाकण काढून खुणांची लाकडी काठी आत बुडवतं. डिपस्टिक म्हणतात तिला. जिथवर ओली, तिथवर पेट्रोल. पण विमानाचं पेट्रोल असं उडून जातं, की बघता बघता काठी कोरडी! म्हणून तिथली रीत — ओली असतानाच खाली उभ्या माणसाला दाखवायची. तो खालचा माणूस मी. माझ्या डोळ्यांशिवाय दुसरा पुरावा नाही — कळतंय ना, काय म्हणते ते?

अश्विनी दिंडोरीची, द्राक्षबागवाल्यांची पोर. माझ्या डब्यातली भाकरी न विचारता खायची. "मावशी, लायसन मिळालं की पहिलं तुम्हालाच वर नेणार, बरं का!" मी गल्लीभर सांगून ठेवलं. साडीचा पदर पंख्यात अडकेल का, हेही विचारून झालं. आणि पहिलं लायसन मिळालं, तेव्हा — मैत्रिणीला घेऊन गेली. तेही पोटात घातलं असतं मी. पण शेडमागून तिचं बोलणं कानावर आलं. "मावशींना? अगं, विमान उठायचंच नाही!" आणि दोघी खिदळल्या. माझ्या हातचं खाऊन — माझ्यावर?

त्याच आठवड्यात ती एकटी उडाली. उतरली, आणि धावपट्टीवरच इंजिन बंद पडलं. टाक्या रिकाम्या. खरचटलंसुद्धा नाही कुठं, पण शिकवणारे सर तापले — डिप न बघता उडालीस?

"बघितली सर. मावशींना दाखवली पण. विचारा ना त्यांना."

किती भरवशानं म्हणाली! सर माझ्याकडं वळले.

दाखवली होती तिनं. मधल्या खुणेच्याही वर ओली होती काठी. मी मान हलवली, तेव्हाच ती विमानात बसली होती. आणि मी म्हणाले — "नाही सर. मला नाही दाखवली."

"मावशी?" एवढंच म्हणाली ती.

खोटारडी म्हणून काढून टाकलं तिला. तिचे वडील सरांपुढं हात जोडून उभे राहिले, तेव्हा त्यांना चहा मीच नेऊन दिला. पुढं मेकॅनिकला टाकीखाली गळती सापडली. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला? नाही बोलले. कप विसळत बसले.

मागच्या महिन्यात नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षासाठी उभी होते. तिनंच ओळखलं. कडेवर मूल. भर रस्त्यात पाया पडली. विमानाचा विषय निघाला तशी हसून म्हणाली, "मावशी, मला अजून वाटतं हो, मी काठी दाखवली होती. पण तुम्ही कशाला खोटं बोलाल? माझाच काहीतरी गोंधळ झाला असणार."

मी तिच्या गालावरून हात फिरवला. म्हणाले, "होतं गं असं. लहान होतीस."