माझी पोर डोले छापते

आई पेणजवळच्या जोह्यात गणपतीचे डोळे आखते. मूर्ती साच्यातून निघते, अंगाचा रंग कुणीही देतं. डोळ्यांना मात्र तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही. मी रोह्याच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी जेलमध्ये कालवून यंत्राने थरावर थर छापते, बुबुळावरचा पारदर्शक पडदा कधीतरी तयार व्हावा म्हणून. आईने याचा सोयीस्कर अर्थ लावला आणि गावभर सांगितलं, "माझी पोर डोले छापते."

यंदा कापणीत भाताचं पातं तिच्या उजव्या डोळ्याला लागलं. आठवडाभर ती पदराच्या बोळ्याने शेकत बसली. शनिवारी मी घरी आले, तर डोळा लालभडक आणि बुबुळावर पांढरा ठिपका.

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"कशाला गो? तू हायस ना. नवा छाप."

मला संताप आला. आम्ही छापतो ते अजून काचेच्या बशीबाहेर पडलेलं नाही, माणसाच्या डोळ्यात जायला कित्येक वर्षं लागतील, हे मी ओरडूनच सांगितलं.

"मंग इतकी वर्सं तिथं करतेस काय गो?"

तिला तसंच रिक्षात घातलं आणि पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. बुरशी असेल तर औषध वेगळं, जिवाणू असतील तर वेगळं; चुकलं तर डोळा जायचा. नमुना तपासायला बाहेर पाठवावा, तर मध्ये रविवार. माझ्या पिशवीत घडीचा सूक्ष्मदर्शक होता, जेवणाच्या डब्यात मावेल एवढा, गावच्या शाळेत दाखवायला आणलेला. डॉक्टरांनी बुबुळावरचं कणभर खरवडून काचपट्टीवर घेतलं आणि आम्ही आळीपाळीने बघितलं. बुरशीचे धागे स्वच्छ दिसत होते. त्याच संध्याकाळी थेंब सुरू झाले. त्या भल्या माणसाने माझ्या खेळण्यावर भरवसा ठेवला, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

जखम भरायला बरेच दिवस गेले. बारीक व्रण राहिला. किती दिसतं, हे विचारलं की आई विषय बदलायची.

माघी गणपतीच्या कामाला ती पुन्हा बसली, तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून समोर उभी राहिले. तिने डाव्या हाताने चांगला डोळा झाकला, उजव्या हातात ब्रश धरला आणि बऱ्या झालेल्या डोळ्याने बुबुळ आखलं. मूर्ती माझ्याकडे वळवली.

"बघतोय का गो तुझ्याकडं?"

"व्हय," मी म्हटलं. मला मात्र काहीच नीट दिसत नव्हतं.