जिनिंगमधली विनाप्रेक्षक कुस्ती

आमच्या घरात दूध कुणी प्यायचं हे माझ्या बापाने एकदाच ठरवलं, आणि ठरवताना मला कुणी विचारलं नाही. धाकट्या भावाला तालमीत घातलं त्या वर्षी दारात म्हैस आली. म्हशीचं दूध भावाला, शेण मला. सकाळी माय धार काढायची, पितळेचा गडवा काठोकाठ भरून भावाच्या हातात द्यायची आणि तळाशी जे उरेल त्यात आमचा चहा व्हायचा. चहात दूध असायचं ते रंग बदलण्यापुरतं. पुढे बाप गेला, ती म्हैस गेली, दुसरी आली, मी शिकून यवतमाळला मास्तरीण झाले, पण गडव्याचा नियम हलला नाही. सुटीत गावी गेले की दूध पैलवानाला आणि चहा मास्तरणीला. दुधाविना बायांची हाडं ठिसूळ होतात, असं मी एकदा विज्ञानाच्या पुस्तकातून मायला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या चहात आलं जास्त घातलं.

जिच्या दुधावर हा पैलवान पोसला जात होता, त्या मायने त्याची एकही कुस्ती पाहिली नव्हती. बायांनी आखाड्याकडे फिरकायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. तो कुणी केला हे कुणाला ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. लंगोट लावलेल्या गड्यावर बाईची सावली पडली की म्हणे मारुती कोपतो. म्हणजे ज्या देहाला हिने जन्म दिला, न्हाऊमाखू घातलं, तो देह लंगोट चढला की हिलाच बंद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावाबाहेर कुस्त्यांची दंगल भरायची, डफडं घुमायचं, गावातले सगळे बाप्ये तिकडे आणि बाया घरी पुरणाची भांडी घासत. भावाने धोबीपछाड मारली की माळावरून आरोळी उठायची, आणि माय राखेचा हात तसाच धरून दोन क्षण ऐकत राहायची.

कुस्तीचा निकाल कळायला मात्र तिने आपली युक्ती काढली होती. भाऊ घरी आला की ती न्हाणीत गरम पाणी घेऊन उभी असायची. सदरा काढायला लावायची आणि आधी पाठ पाहायची. छातीला आणि गुडघ्यांना माती, पाठ कोरी, म्हणजे जिंकला. पाठीला माती म्हणजे हारला. वाटेत मित्रांपुढे त्याने कितीही फुशारक्या मारलेल्या असोत, पाठीपुढे त्याचं काही चालत नसे. हारून आला म्हणून ती कधी रागावली नाही. दगडाने पाठ घासून द्यायची, आणि दुसऱ्या सकाळी गडवा नेहमीसारखाच काठोकाठ.

मग कोरोना आला. शाळा बंद झाल्या आणि मी गावी येऊन अडकले. आमचं गाव मुकुटबनपासून जवळच, पण मोबाइलला रेंज म्हणाल तर फक्त आमच्या घराच्या स्लॅबवर, तीही पाण्याच्या टाकीला खेटून. तिथे छत्री घेऊन मी ऑनलाइन शिकवायची. पलीकडे पोरांना रेंज नसायची. त्यामुळे मी रोज टाकीला भूगोल शिकवत होते, आणि अहवालात मात्र वर्ग उत्तम चालल्याचं जात होतं.

दंगली बंद, तालमीला कुलूप. भाऊ सोयाबीनमध्ये डवरणी करून तण काढायचा आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आपल्याच दंडांकडे पाहायचा. अशात मुकुटबनच्या एका ठेकेदाराने डोकं लढवलं. राजूरकडे त्याच्या कोळशाच्या ट्रका चालायच्या, शिवाय कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचं एक शेड होतं, नवा कापूस अजून यायचा होता म्हणून रिकामं. त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि त्याला एक भाचा होता. भाच्याने नागपूरच्या जिममध्ये अंग कमावलं होतं. मातीत तो कधी उतरला नव्हता. माती नखात जाते, अशी त्याची तक्रार होती. तर या भाच्यासाठी ठेकेदाराने करीच्या मुहूर्तावर जिनिंगमध्ये ‘विनाप्रेक्षक प्रोफेशनल कुस्ती’ जाहीर केली. टीव्हीवरच्यासारखी रिंग, चारी बाजूंनी दोर, प्रेक्षक एकही नाही, सगळं मोबाइलवर थेट. रिंग लोहाऱ्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून आणली. लोखंडी सांगाडा, वर फळ्या, फळ्यांवर निळी ताडपत्री. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते काय, हे त्या रिंगखाली वाकून पाहिलं असतं तर कळलं असतं. अंत्ययात्रेला चार खांदेकरी मिळायची मारामार होती तेव्हा, आणि याला कुस्ती सुचत होती.

भाच्यासमोर उभं राहायला माझा भाऊ एका निरोपात तयार झाला. बॅनरवर भाचा ‘विदर्भ का शेर’ झाला, आणि माझ्या भावाचे डोळे कॉम्प्युटरवर लाल करून त्याला ‘खूंखार’ करून टाकलं. हा खूंखार अजून पालीला घाबरतो.

कुस्ती तोंडावर आली तरी पैलवान जोर काढेना, बैठका मारेना. मी त्याला गोठ्यात गाठून विचारलं. आधी त्याने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, मग सांगून टाकलं. हारायचं ठरलेलं होतं. भाच्याला उचलू द्यायचं, दोनदा आपटू द्यायचं, तिसऱ्यांदा पाठ टेकून पडून राहायचं. बदल्यात ठेकेदार त्याला आपल्या ट्रकांवर मुकादम करणार होता. मी म्हटलं, याला नुराकुस्ती म्हणतात, आणि शेंबडं पोरही तिच्यावर थुंकतं. तो म्हणाला, टीव्हीवर सगळे असंच करतात, ते प्रोफेशनल असतं. एक इंग्रजी शब्द मिळाला की आमच्याकडे माणसाला लाज वाटायची बंद होते.

त्याला भीती माझी नव्हती. जिनिंगमध्ये आखाडा नाही, मोबाइलवर बायांना मनाई नाही, म्हणून माय कुस्ती पाहायची तयारी करत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती लेकाला लढताना पाहणार होती. चार दिवस ती हेच बोलत होती. शेजारणींना आवतण गेलं होतं.

“मायले पाहू देऊ नको, ताई,” तो म्हणाला. “रेंज नाई म्हणून सांग.”

मी म्हटलं, “तूच सांग तिले.”

तो सांगायला स्वयंपाकघरात गेला खरा. माय त्याच्यासाठी बदाम सोलत होती. तो दोन बदाम खाऊन परत आला.

करीच्या दिवशी दुपारी आमच्या स्लॅबवर अर्ध्या गावच्या बाया गोळा झाल्या. विनाप्रेक्षक कुस्तीला याहून मोठी गर्दी मी पाहिली नाही. रेंज एकाच ठिकाणी, तर बिचाऱ्या जाणार कुठे? तोंडाला पदर लावून सगळ्या टाकीभोवती खेटून बसल्या. मायने धुवट लुगडं नेसलं होतं. पायली पालथी घालून तिला मोबाइल टेकवला, समोर उदबत्ती लावली, आणि स्वतः अंग चोरून बाजूला बसली. मी म्हटलं, पुढे ये, नीट दिसेल. तर म्हणाली, ऊन पाठीमागून आहे, मोबाइलवर सावली पडेल. मारुतीचा धाक असा की तो इंटरनेटवरूनही लागत होता. मला हसू आलं, आणि मी मोबाइल तिच्या बाजूला थोडा वळवला.

आधी भाषणं. पाहुण्याने मास्क हनुवटीवर ओढून सुरक्षित अंतराचं महत्त्व सांगितलं. दोन्ही पैलवानांच्या कपाळाला बंदूक लावून ताप मोजला. शेतात फवारणी करायच्या पंपाने दोघांवर सॅनिटायझर फवारलं, जशी काही दोघांवर बोंडअळी पडली होती. हस्तांदोलनाला बंदी, म्हणून दोघांनी लांबून नमस्कार केला आणि पुढच्याच क्षणी एकमेकांच्या गळ्यात पडले.

प्रेक्षक नसले तरी टाळ्या हव्यात, म्हणून ठेकेदाराने लग्नातला डीजे बोलावला होता. लग्नं बंद असल्याने तोही बेकारच होता. त्याच्याकडे रेकॉर्ड केलेल्या टाळ्या आणि शिट्ट्या होत्या, पण केव्हा वाजवायच्या हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. पंच बुटाची नाडी बांधायला वाकला, तर कडकडाट. भाच्याने भावाला पहिल्यांदा आपटलं तेव्हा शुकशुकाट, आणि फळ्यांचा रिकाम्या कणगीसारखा धाडकन आवाज. स्लॅबवर माय दचकली. तिने पदर तोंडात धरला. शेजारीण म्हणाली, लागलं वाटतं पोराला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा टाळ्या वेळेवर आल्या, आणि मायचे डोळे भरले. मला तेव्हा भावाचा इतका राग आला की तो समोर असता तर मीच त्याला चित केला असता.

आणि मग लाइन गेली.

आमच्याकडे लाइन जाणं ही काही बातमी नाही. पण ठेकेदाराने रिंग आणली, डीजे आणला, आणि जनरेटर आणायला विसरला. डीजे गप्प झाला. तिथला शूटिंगचा मोबाइल मात्र बॅटरीवर चालू होता. पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उजेडात दोघांचे श्वास ऐकू येऊ लागले. गोंगाट थांबला तसं माझ्या भावाला काय झालं कोण जाणे. ती शांतता त्याला पहाटेच्या तालमीसारखी वाटली असेल. त्याचा हात सवयीने भाच्याच्या कमरेत गेला, पाय अडकला, आणि विदर्भाचा शेर बघता बघता त्याच्या खाली आला. शेराची पाठ ताडपत्रीपासून वीतभर वर राहिली होती. माय गुडघ्यांवर उठली. सावलीबिवली विसरून ती मोबाइलवर वाकली.

त्या शांततेत भाच्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“पड ना बे आता. मामानं सांगतलं नाई का तुले?”

भाऊ थांबला. त्याने मान वर करून मोबाइलकडे पाहिलं, म्हणजे आमच्याकडेच पाहिलं. मग त्याने पकड सोडली आणि दुपारचं जेवून आपण बाजेवर आडवं व्हावं तसा हळूच पाठीवर झोपला. भाचा उठून त्याच्यावर पडला. पंचाने फळीवर थापा मारून मोजलं. तेवढ्यात लाइन आली आणि डीजेने साठवून ठेवलेल्या सगळ्या टाळ्या एकदम सोडल्या.

स्लॅबवरच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पलीकडच्या घरची म्हातारी काकू, जिच्या सासऱ्याने, नवऱ्याने आणि दिराने जन्मभर कुस्त्या केल्या, ती मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाली, “यालेच पाहू देत नोते काय वं आपल्याले?”

बाया एकेक करून जिना उतरल्या. खाली अंगणात पोहोचल्यावर कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरीही हसली. मायने उदबत्तीची राख बोटाने गोळा केली, पायली सुलटी केली आणि खाली जाऊन चुलीवर पाणी ठेवलं.

भाऊ संध्याकाळी आला, गळ्यात झेंडूचा हार घालून. हारणाऱ्यालाही हार, हेही बहुधा प्रोफेशनलच असावं. तोंड लपवायला त्याने मास्क लावला होता, गावात पहिल्यांदाच नीट नाकावर. माय न्हाणीत उभी होती. त्याने सदरा काढला आणि सवयीने पाठ केली. पाठ कोरी होती. एक कण माती नाही, नुसता सॅनिटायझरचा वास. हारून आलेल्या लेकाची पाठ कोरी, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. मग घासायचा दगड कोनाड्यात ठेवून दिला, गरम पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या सकाळी माय धार काढून आली. भाऊ ओट्यावर बसला होता, हात पुढे झालेलाच होता. ती त्याच्यासमोरून पुढे आली आणि गडवा माझ्या हातात दिला. मला वाटलं, धर म्हणून दिला असेल.

“पी,” ती म्हणाली. “शिकवून शिकवून घसा वाळते तुह्या.”

भाऊ म्हणाला, “अन् मले?”

ती चुलीपुढे बसली होती. मागे वळलीही नाही.

“पाठ टेकवाले दूध कायले लागते, बाबू? चहा पुरते.”

मी ते दूध उभ्या उभ्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. त्या दुधाची माझ्या पोटाला सवय नव्हती. दिवसभर पोट गुडगुडत राहिलं, आणि मी टाकीला शिकवता शिकवता चार वेळा खाली पळाले. पण कुणाला कळू दिलं नाही, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हात पुढे केला. मुकादमी काही आली नाही. ठेकेदार निवडणुकीत पडला, त्यासाठी मात्र कुणाला काही सांगावं लागलं नाही. भावाने महिनोन्‌महिने माझ्याशेजारी बसून रंग बदलण्यापुरत्या दुधाचा चहा प्यायला, आणि कधी कुरकुर केली नाही.

दंगली पुन्हा सुरू झाल्या त्या वर्षी करीला मी गावीच होते. माळावर डफडं घुमलं, भाऊ गेला. संध्याकाळी हारून परतला. बाहेरगावच्या एका पोरसवदा गड्याने त्याला पहिल्याच झटक्यात चित केला होता. न्हाणीत त्याने सदरा काढला. मानेपासून कमरेपर्यंत पाठ लाल मातीने माखलेली होती, घामात कालवून थापल्यासारखी. माय कंदील घेऊन जवळ गेली. तिने मातीवरून बोट ओढून पाहिलं, मग कोनाड्यातला दगड काढला आणि बराच वेळ त्याची पाठ घासून दिली.

सकाळी गडवा काठोकाठ भरून तिने त्याच्या हातात दिला. माझा हात पुढे झालेला होता, तो मी मागे घेतला.

“माती लागली वं त्याले,” ती मला म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकला.