काटा बरोबर होता

काटेमास्तरांच्या नाकावर माशी बसत नसे, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, दुसरं काय होणार? दुकानात शिरले की नमस्कार-चमत्कार नंतर, आधी नजर काट्याकडे. "पाच ग्रॅम मारतोय," म्हणायचे, आणि खरंच पाच ग्रॅम मारत असायचा!

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना अचानक शुगर निघाली. घरात कुणाला नाही, यांना गोडाची आवड नाही, तरी निघाली. पण मास्तर खुशीत होते, कारण पोट उतरलं होतं. शेजारी म्हणाले, "काय मास्तर, तरुण झालात की!" बायकोने त्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून आणली आणि चारचौघांत सांगितलं, सकाळचं फिरणं मानवलंय यांना.

दवाखान्यातल्या सिस्टरला मात्र ते काही पटेना. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मास्तर तिच्याकडे कित्येक वर्षं येत होते. तिने चपला काढायला लावून त्यांना काट्यावर उभं केलं, जुना कागद शोधला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, वर्षात सात किलो कमी. जेवण कमी केलंत?"

"अजिबात नाही."

"मग गेलं कुठे वजन?"

"जातंय कुठे! तुमचा काटा बिघडलाय," मास्तरांचा पारा चढला. "काटा मला शिकवताय होय?"

दुसऱ्या दिवशी स्वारी तपासणीची वजनं हातगाडीवर घालून हजर! पेशंट रांगेतून बघतायत, डॉक्टर दारातून डोकावतायत आणि हे गृहस्थ फरशीवर मांडी घालून काटा खोलून बसलेले. दहा किलो ठेवलं, वीस ठेवलं, चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. काटा बरोबर. पुन्हा पहिल्यापासून केलं. बरोबरच. काटा बरोबर निघाला म्हणून वाईट वाटायची ही त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्यांचं.

सिस्टर हसली नाही. खुर्ची देऊन म्हणाली, "काका, पन्नाशीनंतर एकाएकी शुगर आणि वर कारण नसताना वजन उतरलं, तर एकदा स्वादुपिंड बघून घ्यावं. ते पोटात पार मागे असतं. तिथे कॅन्सर झाला तरी सुरुवातीला दुखतखुपत नाही, आणि दुखायला लागेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पुष्कळांना काहीच निघत नाही. पण बघू या."

डॉक्टर म्हणत होते, घाई कशाला, आधी शुगरच्या गोळ्या सुरू करू. पण सिस्टर कसली ऐकतेय! स्कॅनची चिठ्ठी लिहून घेईपर्यंत तिने त्यांचा पिच्छा सोडला नाही.

स्कॅनमध्ये काहीतरी पुसटसं दिसलं. मग मोठ्या हॉस्पिटलात तोंडावाटे दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी केली, सुईने कण काढून तपासले. हरभऱ्याएवढी गाठ होती, आणि कॅन्सरचीच होती. बायकोच्या पायाखालची जमीन सरकली. पण सर्जन म्हणाले, "इतकी लहान असताना ही गाठ आमच्या हाती क्वचितच लागते. काढता येईल."

काढली. मग सहा महिने सलाईनमधून औषधं, उलट्या, अंगात त्राण नाही. मास्तर खचले, रडले, बायकोवर उगाच खेकसले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि रोज वेळेवर पेज भरवली.

दोन वर्षांनंतरची तपासणीही स्वच्छ आली, तशी दोघं थेट सिस्टरकडे गेली. मास्तरांनी घरून चांगलं भाषण ठरवून आणलं होतं. तिला पाहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

"आज मी आहे तो तुमच्यामुळे," एवढंच म्हणाले. "सगळे माझं कौतुक करत होते हो. तुम्हालाच कशी शंका आली?"

सिस्टर टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिली.

"माझ्या बाबांनाही असंच झालं होतं," ती म्हणाली. "शुगर निघाली, वजन उतरलं. मीच त्यांना लहान मापाचे नवे कपडे घेतले. छान दिसताय म्हणून फोटो काढले, सगळ्यांना दाखवले. तेव्हाही मी नर्सच होते, काका."

मास्तरांच्या बायकोने तिचा हात हातात घेतला.

"मग तुमच्या बाबांचेही माझ्यावर उपकार आहेत," मास्तर म्हणाले.

तेव्हा कुठे सिस्टर रडली. रांगेतल्या कुणीही घाई केली नाही.