टेंगळावरच्या वस्तीची कोंबडी

खडकमाळच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा वाईतल्या आमच्या घरात दोन दिवस सुतक पाळल्यासारखी शांतता होती. आईने म्हसवडच्या पुढे नकाशावर बोट फिरवलं आणि विचारलं, "इथं माणसं राहतात का?" राहतात. पण इतकी लांब लांब, की शेजारणीकडे विरजण आणायला गेलेली बाई परत येईस्तोवर दूध नासावं. गावठाणात चाळीस घरं आणि बाकीचं गाव म्हणजे माळावर उधळलेल्या अकरा वस्त्या. कुठे पाच घरं, कुठे तीन. मध्ये खडक, तरवडाची झुडपं आणि वर्षातले दहा महिने कोरडा असणारा ओढा. माझ्या शाळेत पोरं नऊ. त्यातली चार दिवाळी झाली की आईबापांबरोबर मेंढरांमागे निघून जातात आणि मी हजेरीपटावर रेघा ओढत बसतो.

या सगळ्या वस्त्यांवर दरवर्षी न चुकता जाणारा गावात एकच माणूस होता, कुतुबुद्दीन मुलाणी. चैत्रात गावची यात्रा असते. पहिल्या दिवशी देवाला गोडा नैवेद्य, म्हणजे पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी खारा, म्हणजे बकरं नाहीतर कोंबडं. आणि मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय इथला कुठलाही हिंदू त्या मटणाला शिवत नाही. असं का, हे मी आल्या आल्या विचारलं होतं. त्यावर लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा गडी पोरांना शिकवतो तरी काय! बापानंतर कुतुबुद्दीनचाचांनी हे काम शेहेचाळीस वर्षं केलं, बहुतेक सगळी सायकलवर.

चाचा माझ्या खोलीला लागून राहायचे. वय अडुसष्ट, अंगाने काटकुळे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बायको चांदबी तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा अफताब याचं मलकापूरला हायवेवर गॅरेज आहे. "अब्बा, इकडे या" म्हणून तो रोज फोनवर भांडायचा. शेवटी चाचांनी मान तुकवली. एवढी यात्रा करायची, सगळ्या वस्त्यांना सांगायचं आणि जायचं.

"न सांगता गेलो तर पळून गेल्यागत दिसतंय, गुरुजी," ते म्हणाले. "सायकल आता मारवत न्हाई. तुमची गाडी काढताय का?"

मी आईच्या पाठीमागे कांदाभजी खाऊन स्वतःला बंडखोर समजणारा माणूस. खाऱ्या नैवेद्याच्या दिवशी मुलाण्याचा ड्रायव्हर होणं माझ्या पत्रिकेत नव्हतं. पण शेजारधर्म म्हणून हो म्हणालो.

मी शहाणपणा करून रस्ता आखला: आधी जवळच्या वस्त्या, मग लांबच्या. पहिली गुंडाची. पाच घरांचा हा कारभारी, आवाजाने धिप्पाड. काम उरकलं, चहा झाला, आणि चाचांनी हळूच सांगितलं की पुढच्या वर्षी मी नाही.

"बरं झालं की मुलाणी!" गुंडा म्हणाला. "किती दिस पाय वडत फिरनार? आमची काळजी करू नगा. म्हसवडच्या मुलाण्याकडनं मटान आनू. फोन केला का काम झालं."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण चाचांनी उरलेला चहा तसाच ठेवला आणि सुरी फडक्यात गुंडाळायला घेतली. दुसऱ्या वस्तीवर तेच, तिसरीवर तेच. "जावा, पोराकडं सुखात ऱ्हावा." शेहेचाळीस वर्षांनंतर एकाने तरी "जाऊ नका" म्हणावं, एवढीच त्या माणसाची अपेक्षा असणार. कुणी म्हटलं नाही. सातव्या वस्तीपासून त्यांनी सांगणं आटपतं घेतलं आणि दहाव्या वस्तीवर नुसतंच "येतो" म्हटलं. मला सगळ्यांचाच राग आला. पण दुसऱ्याच्या अंगणात बसून, त्यांचाच चहा पीत रागवायचं तरी कसं?

प्रत्येक दारात बसावं लागतं, घोटभर तरी घ्यावं लागतं. त्यामुळे दहा वस्त्या होईस्तोवर साडेचार वाजले. उरली टेंगळावरची, ओढ्यापलीकडच्या टेकाडावर. तिथे तीन घरं, त्यातली दोन पडकी. तिसऱ्यात धोंडुबाई, ऐंशीच्या घरातली. दोन्ही मुलगे कुटुंबं घेऊन मेंढरांबरोबर कोकणच्या बाजूला गेलेले. ते आषाढाशिवाय परतत नाहीत.

"चाचा, एका म्हातारीच्या एका कोंबडीसाठी एवढं वर जायचं?" मी म्हणालो. "फोन करून सांगा तिला."

"तिच्याकडं फोन न्हाई."

"मग उद्या जाऊ."

"उद्या यात्रा हाय व्हय?" ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "निवद दावल्याबिगर ती पानी बी पीत न्हाई. सकाळधरनं उपाशी आसल."

मग ते गाडीवर बसल्या बसल्याच म्हणाले, "बाकीच्यास्नी म्हसवड हाय. हिला कोन हाय? हिला कसं सांगू, त्येच दिसभर डोक्यात हाय." मी गाडी सुरू केली.

ओढ्यापाशी गाडी सोडावी लागली. पुढे किलोमीटरभर चढ. चाचा माझ्या खांद्यावर हात टाकून एकेक पाऊल उचलत होते. प्रत्येक दगडावर त्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघायचा आणि मला माझ्या आखलेल्या रस्त्याची लाज वाटायची. ही वस्ती सकाळी घेतली असती तर म्हातारी एवढा वेळ उपाशी राहिली नसती.

धोंडुबाई उंबऱ्यावरच बसली होती. "आलास व्हय रं कुतूब? म्या म्हनलं, ऱ्हायलं ह्या साली."

चाचा घरामागे गेले. मी डोंगराकडे तोंड करून उभा राहिलो. दिवस बुडायच्या आत कालवण शिजलं, देवाला नैवेद्य गेला. चाचांना ताट वाढलं, माझ्यापुढे दूधभाकरी आली. "वाईचं गुरुजी खात न्हाईत, ह्ये समद्या माळाला ठावं हाय," म्हातारी म्हणाली. तिने स्वतः मात्र रश्शात भाकरी चुरून चार घास खाल्ले. एका फोडीलाही हात लावला नाही. तोंडात दातच नव्हते.

न राहवून मी म्हणालो, "आजी, एकट्या आहात, चावत नाही. मग कोंबडी कशाला? दूधभात दाखवला तर देव काही रागावायचा नाही."

"न्हाई रागवायचा," ती म्हणाली. "पर दूधभाताला मुलाणी लागत न्हाई, गुरुजी. कोंबडी आसली म्हंजी कुतूब यतुया. पोरं कार्तिकात गेली. तवापास्नं ह्या दारात मानूस म्हनून आलेलं तुमी दोगंच."

मी चाचांकडे पाहिलं. आता सांगायला हवं होतं. त्यांनी घास खाली ठेवला, पुन्हा उचलला. निघताना म्हातारीने वाटेसाठी बांधलेल्या भाकऱ्यांचं फडकं त्यांच्या हातात दिलं. "पुढल्या साली जरा बिगी ये रं."

"यीन," चाचा म्हणाले.

उतरताना मी त्यांना धारेवर धरलं. "सांगितलं नाहीत."

"न्हाई सांगितलं."

"मग आता?"

"आता काय! यायचं."

वेळ मारून नेली, असं मी समजलो. वैशाखात अफताब टेम्पो घेऊन आला. चार भांडी, एक पलंग, चांदबीचं शिवणयंत्र एवढं सामान गेलं आणि शेजारच्या दाराला कुलूप लागलं. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. संध्याकाळी बोलायला माणूस उरलं नाही.

पुढच्या चैत्रात दहा वस्त्यांनी म्हसवडहून मटण आणलं. कुणाचं काही अडलं नाही. त्या दिवशी भल्या सकाळी मी खोलीत वह्या तपासत होतो, तेवढ्यात दारात वडापची जीप थांबली. आतून आधी काठी उतरली, मग चाचा. आदल्या दिवशी दुपारी मलकापूरहून निघालेले, दोन एसट्या बदललेल्या, रात्र म्हसवडला ओळखीच्या घरी काढलेली. काखेत फडक्यात गुंडाळलेली सुरी. अफताब फोनवर इतका तापला होता, की फोनच बंद करून टाकला म्हणाले.

"एका कोंबडीसाठी?" मी विचारलं.

"गाडी काढताय का न्हाई, तेवढं सांगा."

या वेळी आम्ही नऊच्या आत टेंगळावर पोचलो. चढाला मात्र गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट वेळ लागला. धोंडुबाई दारातच होती आणि दाराशेजारी डालग्याखाली कोंबडी.

"लय बिगी आलास आज?"

"आज येवढंच काम हाय, मावशे," चाचा म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "म्या गाव सोडलंय. गेल्या साली तुला सांगायचं ऱ्हायलं."

"मला आखाडातच कळलंय," म्हातारी म्हणाली. "पोरं म्हनली, मुलाणी गेला, आता कोंबडी ठिवू नगं. म्या म्हनलं, ठिवनार. त्यो 'यीन' म्हनून गेलाय."