खडी फोडलेला अंगठा

दुष्काळ सरल्यावर मी उस्मानाबादच्या कोर्टासमोर नोटरी म्हणून बसू लागलो. कागद वाचून दाखवल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, एवढं ठरवलं होतं.

एकदा ईट गावाहून एक बाई दूध सोसायटीसाठी प्रतिज्ञापत्र करायला आल्या. दुष्काळी कामावर खडी फोडून त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. मी कागद वाचून दाखवला, पण तीनदा अंगठा दाबूनही त्यावर नुसता शाईचा डाग उमटला.

"अंगठा उठत न्हाय तर सही शिकवा की, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या.

मी त्यांचं नाव लिहून दिलं. हातोडा धरलेल्या बोटांत पेन्सिल ठरत नव्हती, तरी त्या दिवसभर दाराशी बसून गिरवत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी प्रतिज्ञापत्रावर स्वतःचं नाव लिहिलं. मी शिक्का मारायला आपोआप उभा राहिलो.