शिरोरेषेवरची लाट

निवृत्तीनंतर मी संगणकावर अक्षरे रेखाटायला शिकले. माझा पहिला सजावटीचा फॉन्ट आमच्या पेठेतील पिठाच्या गिरणीच्या जुन्या पाटीवरून घेतला आहे. त्या पाटीवरील शिरोरेषेत एक हलकी लाट आहे. ती मला इतकी भावली, की सारी अक्षरे मी तिच्यावरच बेतली.

पाटी रंगवणारे आबा पेंटर आता घरीच असतात. त्यांची संमती घ्यावी, म्हणून मी संकोचतच लॅपटॉप घेऊन गेले.

"ही लाट कशाला हो, बाई?" लॅपटॉपच्या पडद्यावरची अक्षरे निरखत त्यांनी विचारले.

"तुमच्याच पाटीवरची आहे, आबा."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यांची शेवटची पाटी ती. हात थरथरायला लागला होता. नको म्हटलं, तर ऐकतील तेव्हा ना!"

"तू चहा दे," आबा म्हणाले. मग मला, "सरळ होईल का?"

एका शब्दाची शिरोरेषा मी सरळ करून दाखवली. मला तो शब्द निष्प्राण वाटला; आबांचा चेहरा मात्र उजळला. "हां! हे माझं अक्षर. सगळी अशीच करा."

"करते," मी म्हणाले.

ज्यावर आपण लुब्ध होतो, तेच दुसऱ्याला लपवावेसे वाटत असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. आता रोज एकेक अक्षर सरळ करते आहे. लाटेची प्रत मात्र पुसलेली नाही, आणि हे आबांना सांगितलेलेही नाही.