नानांचे आंब्याचे ओंडके

नाना गेल्याचा फोन धुळ्यात भल्या सकाळी आला, आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी मला राग आला. अहो, अळंबी उगवलेली तरी बघून जायचं होतं... दीड वर्ष वाट पाहिलीत.

नाना माझे थोरले साडू. रावेरकडची शेती मुलाच्या हाती देऊन ते जळगावात आले आणि चार महिन्यांत कंटाळले. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच घातलं. आंब्याच्या ओंडक्यांना भोकं पाडायची, भुशावर वाढवलेलं अळंबीचं बी त्यात भरायचं, वरून मेण लावायचं आणि ओल राखायची. बी मी नेऊन दिलं, पण घाईत होतो, त्याच दिवशी परत फिरलो. ओंडके त्यांनी दुसऱ्या दिवशी भरले आणि पहिली भाजी तुम्हालाच, असं अख्ख्या गल्लीला सांगून बसले. मग गल्ली रोज विचारायची.

काही म्हणता काही उगवेना. दर भेटीत मी त्यांनाच झापायचो, पाणी कमी पडलं, ऊन लागलं, तुम्हाला धीरच नाही. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेला हा माणूस माझ्यापुढे मान खाली घालून म्हणायचा, "माझंच चुकलं असेल." आणि दुखरा गुडघा ओढत दिवसातून तीनदा पाणी घालायचा. त्या ऐकून घेण्याची मला अजून चीड येते.

तेराव्यानंतर परसात जाऊन एका भोकावरचं मेण सुरीनं खरवडलं. खाली भुशाला गुलाबी भुकटी चिकटलेली. हरभरा पेरण्याआधी बियाला चोळतात ती, बुरशी मारणारी. आणि अळंबी म्हणजे बुरशीच की हो! डोकं सणकलं. एवढं यांना कळू नये? एवढं सांगायचं मला सुचू नये? तणतणत आत आलो. नानांनी स्वतःच्या हातानं बी मारलं, हे त्यांच्या बायकोला, अक्कांना सांगणारच होतो, तर त्याच आधी बोलल्या.

"भाऊ, बियाले दवाई मीच चोयली व्हती, दरसाल चोयते तशी. यायनं सांजले पाह्यलं, तं गुमान बसले. मंग काऊन नसन उगोलं?"

म्हणजे नानांना ठाऊक होतं. अक्कांना बोल लागू नये म्हणून या माणसानं दीड वर्ष माझी बोलणी खाल्ली आणि मेलेल्या बियाला पाणी घातलं... ओंडके अजून परसात तसेच आहेत.

"नवीन बी आनसान नं? चोयून ठेवते मी."

"आणतो," मी म्हणालो. "या खेपेला दवाई मीच लावून आणतो, अक्का."